अनुभव धागा: जुन्या गाडीची पुढची बाजू घरी खोललीत का?

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. माझ्या ओळखीचे, हे काम जाणणारे मिस्त्रीही एकेक करून गावी गेले. ठाणे-नवी मुंबईत ज्यांनी पुढचं सस्पेन्शन स्वतः खोललंय त्यांनी लिहा. काय अडलं, कसं निघालं, सगळं. लांबलं तरी चालेल.

नौपाडा, पद्मिनी
सुरुवात माझ्यापासून. गाडी वडिलांची, कुर्ल्यात बनलेली. खड्ड्यात गेली की डाव्या चाकातून खडखड. सगळे म्हणाले, बेअरिंग. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं तर ढिलं लागलं. मग मुलीला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग. नाही थांबलं तर किंगपिनकडे (चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं ती) बघायचं. नाही थांबलं.

पिन जाम होती. रात्रभर तेल मुरवलं, गरम केलं, ढिम्म. शेवटी नकलसकट (चाक धरणारा, वळणारा भाग) काढून वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्याकडे नेली, तिथे प्रेसवर निघाली. खालच्या टोकाला नखाला लागेल अशी पायरी झिजून पडली होती, कारण ग्रीसची वाट सुकलेल्या ग्रीसने बुजलेली. नवे बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) बसले की त्यांचं भोक ग्रीस भरायच्या निपलसमोर आलंय ना, हे तार घालून बघाच. मग वरचा-खालचा बुश एका रेषेत रीम करून (रीमरने आतून घासून मापात) घ्या. पिन तेल लावून हाताने सरकावी, पण डुलता कामा नये. लेथवाल्याला घाई असते. शेजारी उभं राहायचं.

ऐरोली, अँबेसेडर
आमच्याकडे पुढे कॉइल स्प्रिंग नाही, टॉर्शन बार. लांब पोलादी दांडा पीळ खाऊन वजन पेलतो. काढण्याआधी दांडा चाक धरणाऱ्या आर्मच्या कोणत्या दात्यात बसलाय याची रंगाने खूण करावी. पंच मारू नये. दांड्यावरच्या ओरखड्यातूनच पुढे तडा जातो. डावा-उजवाही बदलू नये. वर्षानुवर्षं एकाच दिशेला पिळलेला दांडा उलटा पिळला तर तुटू शकतो. आम्ही खाडीलगत राहतो, त्यामुळे गंज काढण्यातच निम्मं काम गेलं.

नेरूळ, पद्मिनी
मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलं. सेक्रेटरीकाकांनी खाली पुठ्ठे अंथरायच्या अटीवर रविवार दिला. एकच सांगते: रबरी बुशचे बोल्ट गाडी वर असताना नुसते लावून ठेवा. चाकं जमिनीवर टेकवून, गाडी दोन-चारदा दाबून बसवली की मगच शेवटचं आवळा. वर असताना आवळलं तर गाडी खाली येताच रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

कळवा, पद्मिनी
स्प्रिंगबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून कळकळीने लिहितो. दबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो, जीवही जातो. गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. खालच्या आर्मखाली वेगळा जॅक, स्प्रिंगमधून साखळी ओवून चॅसीला बांधलेली, आणि जॅक अगदी सावकाश उतरवायचा, स्प्रिंग पूर्ण सैल होईपर्यंत. तोंड तिच्या रेषेत नको. स्प्रिंग दाबून धरायचा कॉम्प्रेसर भाड्याने आणलात तर त्याचे आटे आधी तपासा.

नौपाडा, पद्मिनी
कळवावाले, हे आधीच लिहायला हवं होतं, आभार. आता अलाइनमेंट उरलंय. कोपरी किंवा तुर्भ्याकडे दोरी लावून टो-इन (पुढची चाकं पुढून किती आत वळलीत ते) बघणारा कोणी आहे का?