बिकानेरचा त्वचारोग : अँटिमनी व्रणात टोचावे की स्नायूत?

मृण्मयी :
राजस्थानातील बिकानेर परिसरात वाळूमाशीच्या दंशातून होणारा त्वचेचा लेशमॅनियासिस अनेक वर्षांपासून ठाण मांडून आहे. तेथील परजीवी प्रामुख्याने लेशमॅनिया ट्रॉपिका असून चेहरा व हातपाय अशा उघड्या भागांवर त्याचे व्रण उठतात. त्यावर सोडियम स्टिबोग्लुकोनेट हे अँटिमनी या धातूसदृश मूलद्रव्यापासून बनवलेले औषध थेट व्रणात किंवा स्नायूत टोचले जाते. ज्या रुग्णाला एकदोनच लहान व्रण आहेत, त्याला स्नायूतील इंजेक्शनांचा पूर्ण क्रम देणे मला अनाठायी वाटते. प्रतिकिलो २० मिलिग्रॅम या मात्रेने ५० किलो वजनाच्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम अँटिमनी, म्हणजे १० मिलिलीटर औषध द्यावे लागते. २० दिवसांत ते २०० मिलिलीटर होते. व्रणात मात्र एका वेळी १ ते ५ मिलिलीटरच टोचतात आणि तेही काही दिवसांच्या अंतराने. जे औषध हृदयाची लय बिघडवू शकते, स्वादुपिंडाला सूज आणू शकते आणि सांधे दुखवते, ते बोटाच्या पेरापेक्षा लहान व्रणासाठी सबंध शरीरात का भिनवायचे?

दिगंत :
आपला हिशेब बरोबर आहे, पण तो कुशल हात गृहीत धरतो. व्रणाच्या कडेने सर्व बाजूंनी औषध भरून त्वचा पांढुरकी पडेपर्यंत टोचावे लागते. एखादी बाजू सुटली तर परजीवी तिथेच टिकतो. नाकाचा शेंडा, पापणी, कानाची पाळी किंवा बोट येथे ऊतीला फुगायला जागाच नसते आणि वेदना असह्य होते. लहान मूल दुसऱ्या वेळी सुईजवळ येतच नाही. शिवाय रसवाहिन्यांच्या मार्गाने पुढे गाठी उठल्या असतील, तर दिसणाऱ्या व्रणात औषध भरून काय साधणार?

इरावती :
मला हा वादच जुना वाटतो. बिहारमध्ये काळ्या आजारावर, म्हणजे लेशमॅनियाच्याच आतल्या अवयवांना ग्रासणाऱ्या आजारावर, अँटिमनी इतके निष्प्रभ ठरले की २०१४ पासून तेथे लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी या दुसऱ्या परजीवीनाशक औषधाची एकच मात्रा शिरेतून दिली जाऊ लागली. मग बिकानेरच्या रुग्णाने अँटिमनी का सोसावे?

मृण्मयी :
इरावतीताई, बिहारमधला परजीवी लेशमॅनिया डोनोव्हानी आहे आणि तो प्लीहा, यकृत व अस्थिमज्जेत बसतो. तेथे अँटिमनीला आलेला प्रतिकार बिकानेरच्या व्रणांवर जसाच्या तसा लागू करता येत नाही. अँफोटेरिसिन महाग आहे, ते शिरेतूनच द्यावे लागते आणि मूत्रपिंडावर व रक्तातील पोटॅशियमवर लक्ष ठेवावे लागते. कालांतराने आपोआप भरून येणाऱ्या, पण कायमचा वण ठेवणाऱ्या आजारासाठी हा खटाटोप मला पटत नाही.

दिगंत :
परजीवीची जात पाहूनच ठरवायचे, तर ब्राझीलचेही पाहा. तेथील लेशमॅनिया ब्राझिलिएन्सिस त्वचेवरचा व्रण भरल्यावरही काही वर्षांनी नाक व घशाच्या अंतस्त्वचेत उपटू शकतो. १९१२ मध्ये ब्राझिलियन डॉक्टर गास्पार व्हियाना यांनी तेथे अँटिमनीचा एक क्षार शिरेतून वापरला, तेव्हापासून औषध सर्व शरीरात पोहोचवण्याकडे तेथील वैद्यकाचा कल राहिला, तो या भीतीमुळेच. ट्रॉपिकामध्ये तो धोका अगदी क्वचित आहे, हे मला मान्य आहे.

मृण्मयी :
मग बिकानेरमध्ये व्रणातील इंजेक्शनच पहिले असावे, हे आपणही मान्य करायला हवे. व्रण चारांहून कमी असावेत, पाच सेंटिमीटरांपेक्षा लहान असावेत, सांध्यावर नसावेत आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती शाबूत असावी, एवढ्याच माझ्या अटी आहेत.

दिगंत :
हातापायांवरच्या व्रणांपुरते मान्य आहे. नाकाच्या शेंड्यावर व्रण असलेल्या मुलीला मात्र मी ईसीजी आणि यकृताच्या तपासण्या करून स्नायूतीलच इंजेक्शने देण्याचा आग्रह धरीन, कारण तेथे अर्धवट उपचाराने राहिलेला वण तिला जन्मभर चेहऱ्यावर वागवावा लागतो.