मोती किडनीच्या खाण्याला तोंड लावत नाही

प्रश्न: आमची कुत्री मोती ११ वर्षांची, किडनीचा आजार आहे. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट काम करेना की हे वाढतं) ३.१, म्हणजे आजाराचा तिसरा टप्पा. खास खाणं आणलं, पण वास घेऊन तोंड फिरवते. काल वाटीशेजारी नुसती पडून होती, बघवेना. प्रोटीन पूर्ण बंद करू का?

उत्तर १: अजिबात नको ताई, स्नायू झडतात. आधी फॉस्फरस आवरायचा. आणि मळमळीचं औषध मागून घ्या. मळमळत असताना नवं खाणं पुढे केलं, तर ते नावडतं होऊ शकतं. आमच्या शेरूच्या वेळी मी हीच चूक केली. मग मळमळ थांबल्यावर जुन्यात चमचा-चमचा मिसळत, कोमट करून दिलं. तीन आठवडे लागले.

उत्तर २: लघवीतलं प्रोटीन, रक्तदाब तपासलात? पुढची औषधं त्यावर ठरतात. फॉस्फेट बाइंडर (खाण्यातला फॉस्फरस पोटातच बांधून ठेवणारं औषध) दिलं, तर जेवणासोबतच द्या.

प्रश्नकर्ती: रक्तदाब राहिलाच! उद्याच डॉक्टरांना विचारते.