गाडीचा नंबर नाही, मग भरपाई मागायची कुणाकडे? (वडील जाऊन 24 दिवस झाले)

मळ्यातली_लेक

नमस्कार. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, 24 दिवसांपूर्वी गेले. पहाटे सव्वापाचला डेअरीला दूध घालायला निघाले होते, मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी किटल्या. नगर-पुणे रस्त्याला लागले आणि मागून आलेल्या गाडीने उडवलं. गाडी थांबली नाही. पाठीमागून दुसरे एक दूधवाले येत होते, त्यांना नुसते लाल दिवे दिसले. मी पोचले तेव्हा डांबरावर दूध वाळून पांढरा पट्टा उमटला होता. एका किटलीचं झाकण भावाने दुसऱ्या दिवशी चारीतून शोधून आणलं.

गुन्हा अज्ञात वाहनावर नोंदलाय. ठाण्यात दोनदा जाऊन आलो, "गाडी सापडली की कळवू" एवढंच उत्तर. एका वकिलांनी सांगितलं, नंबर नाही तर विमा कंपनी नाही, आणि कंपनी नाही तर दावा नाही. गावातही सगळे म्हणतात, नशीब म्हणा आणि सोडून द्या. दोन एकर अण्णांच्याच नावावर आहे, भाऊ बारावीला आहे, आईच्या नावावर काहीच नाही. अण्णांच्या गाडीचा विमा होता, पण धडक दुसऱ्याने दिली, तर आपल्या विम्याचा काय उपयोग? आईला हक्काचं जे असेल ते मिळावं. आधी कुठे जाऊ?

कृष्णाकाठ

ताई, सोडून देऊ नका. माझा धाकटा भाऊ 2022 च्या दिवाळीनंतर असाच गेला, ट्रकचा आजतागायत पत्ता नाही. तरी पैसे मिळाले. दहा महिने हेलपाटे घातले, म्हणून जे ठाऊक आहे ते सविस्तर लिहितो.

वकिलांनी सांगितलं ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातल्या दाव्यापुरतं. गाडी सापडलीच नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 161 खाली वेगळी भरपाई आहे. मृत्यू झाला तर 2 लाख, गंभीर दुखापत असेल तर 50 हजार. 1 एप्रिल 2022 पासून हे आकडे आहेत, त्याआधी 25 हजार आणि साडेबारा हजार होते. माणसाच्या जिवाला 2 लाख हे मलाही पटत नाही, पण ते आईचे आहेत. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा, आणि तोही अपघात ज्या हद्दीत झाला तिथल्या. आम्ही राहत्या तालुक्यात दिला आणि दीड महिना वाया घालवला. सोबत एफआयआरची प्रत, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, आईचं आणि अण्णांचं ओळखपत्र, आईचं पासबुक लागतं. आणखी एक हमीपत्र असतं: उद्या गाडी सापडली आणि तिकडून भरपाई मिळाली, तर ही रक्कम परत करू. त्याला घाबरू नका, सही करा. नियमाप्रमाणे चौकशी अधिकाऱ्याने महिन्यात अहवाल द्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी 15 दिवसांत मंजुरी द्यायची आणि पुढच्या 15 दिवसांत पैसे खात्यावर. आमच्याकडे कचेरीतल्या बाईंनी "अशी योजनाच नाही" म्हणून अर्ज परत केला होता. मी 2022 च्या योजनेचं राजपत्र छापून नेलं, तिसऱ्या पानावर बोट ठेवलं, तेव्हा कुठे आवक शिक्का पडला. तुम्ही दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आता तुमचा विम्याचा प्रश्न. हा सगळ्यात मोठा आहे आणि इथेच लोक फसतात. पॉलिसीचा कागद काढा. हप्त्याच्या तक्त्यात "ओनर ड्रायव्हर" किंवा "पर्सनल अ‍ॅक्सिडेंट" अशी ओळ आणि तिथे 15,00,000 आहे का बघा. असेल तर चूक कुणाची, गाडी सापडली की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. तो मालकाचा स्वतःचा अपघात विमा आहे. गाडी अण्णांच्या नावावर हवी आणि त्यांचा परवाना चालू हवा. असेल तर आजच कंपनीला लेखी कळवा.

माझ्या भावाच्या कागदावर ती ओळ रिकामी होती. एजंटने शे-दोनशे वाचवून दिले म्हणून आम्ही त्याला चहा पाजला होता.

बांधावरचा

ताई, 24 दिवस वाचलं आणि लगेच लिहायला घेतलं. जमीन अण्णांच्या नावावर होती ना? मग गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान. मृत्यूला 2 लाख, रस्ते अपघात त्यात येतो. पण अर्ज 30 दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पडायला हवा. सहाच दिवस उरलेत! सातबारा, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, एफआयआर किंवा घटनास्थळ पंचनामा आणि तलाठ्याकडून वारस नोंदीचा 6-क. 6-कलाच वेळ जातो, म्हणून उद्या सकाळी पहिलं काम ते. कृष्णाकाठ यांनी सांगितलेला अर्जही करताय, हे कृषी कार्यालयात लपवू नका.

आणि अण्णांच्या बँकेच्या पासबुकात मे-जूनच्या सुमारास 20 रुपये कापलेत का बघा. असले तर पंतप्रधान सुरक्षा विमा, 2 लाख. 436 रुपये कापले असतील तर जीवन ज्योती, ते आणखी 2 लाख. बँकेतही लवकर कळवा.

निवृत्त_हवालदार

बेटा, खात्यात 31 वर्षं काढली, म्हणून दोन गोष्टी सांगतो. रस्त्यावर फुटलेल्या दिव्याची काच, बंपरचा तुकडा पडला होता का, आणि तो पंचनाम्यात आलाय का, ते बघ. प्लॅस्टिकच्या तुकड्यामागे कंपनीचा भाग क्रमांक उठवलेला असतो, त्यावरून गाडीचं मॉडेल निघतं. पेट्रोल पंप, ढाबे, टोलनाका यांचं फुटेज फार दिवस टिकत नाही, वरून नवं चढतं. ते जपून ठेवावं असा लेखी अर्ज ठाण्यात द्या आणि पोच घ्या.

दुसरं, 12 जानेवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिलाय: महिनाभरात गाडी मिळाली नाही तर पोलिसांनी स्वतःहून वारसांना लेखी कळवायचं की कलम 161 च्या योजनेत भरपाई मागता येते. महिना भरला की ते पत्र माग. पुढे "अ समरी" झाली, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, तरी भरपाई बुडत नाही. गाडी सापडली तर मात्र थांबू नका, न्यायाधिकरणातल्या दाव्याला कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. कोऱ्या कागदावर आईची सही कुणालाही देऊ नका.

मळ्यातली_लेक

सगळ्यांचे आभार कसे मानू. पॉलिसी गव्हाच्या कोठीमागच्या पिशवीत मिळाली. ओळ आहे. 15,00,000 लिहिलंय. आईला दाखवलं तर ती त्या आकड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, हप्ता भरायला कालवड विकली होती. परवाना अण्णांच्या पाकिटात होता, ते ठाण्यात जमा आहे, उद्या भाऊ जातोय. पासबुकात 20 रुपयेही सापडले. तलाठी भाऊसाहेबांना आत्ताच फोन केला, सकाळी दहाला सजेवर भेटतो म्हणाले. मी आईला घेऊन नऊलाच जाऊन बसते.