मदत हवी आहे: घरच्या सीएनसीचा चौकोन तिरका कापतोय

नमस्कार मंडळी. मी जालन्याचा, आमचं सुतारकामाचं दुकान आहे. देवघराची जाळी हाताने कोरायला फार वेळ जातो, म्हणून 'मोस्टली प्रिंटेड सीएनसी' धर्तीचं, म्हणजे संगणकाच्या हुकुमाने कापणारं मशीन घरीच उभं केलंय. कोपरे आणि पाइपांवर सरकणाऱ्या गाड्या पीएलए या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केल्यात. 25 मिमीचे स्टील पाइप, नेमा 17 स्टेपर मोटारी (छोट्या टप्प्यांनी, म्हणजे स्टेपने फिरणाऱ्या), आर्डुइनो उनो बोर्डावर मशीन चालवणारं जीआरबीएल सॉफ्टवेअर. जीटी2 बेल्ट, 20 दातांची पुली, 16 मायक्रोस्टेप, म्हणजे मिलिमीटरला 80 स्टेप.

लांबी-रुंदी बरोबर येते. 200 मिमी सांगितलं की 200च. पण कर्ण जुळत नाहीत. सकाळी गुण्या लावून बसवलेलं दुपारी पुन्हा सरकलेलं असतं. दुकानावर पत्रे आहेत आणि आपल्याकडचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे. पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. मोटारीला हात लावला तर चटका बसतो, आणि तिच्या स्क्रूंभोवतीचं प्लास्टिक आत दबलेलं स्पष्ट दिसतं. माझा संशय तिथेच आहे.

सगळेच भाग पीईटीजीत (पीएलएपेक्षा जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक) पुन्हा काढावेत की फक्त मोटारीचे? मोटारींना वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरचा करंट उतरवला तर 12 मिमी प्लाय कापताना स्टेप सुटतील का? सध्या प्रत्येक अक्षाच्या दोन्ही मोटारी एकाच ड्रायव्हरवर सीरिजमध्ये आहेत. त्या वेगळ्या करून दोन्ही बाजूंना लिमिट स्विच (गाडी टोकाला पोचल्याचं कळवणारे) लावले तर गुण्या टिकतो का? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर जोडणीचा फोटो टाका. आणि संभाजीनगरला, वाळूजकडे सुट्टे पण सरळ पाइप मिळतात का, तेही सांगा.