आईला डायपरमुळे जांघेत पुरळ उठलेत, उन्हाळ्यात काय करावं? (सोलापूर)

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. आई 74 वर्षांची, दिवाळीत पॅरालिसिस झाला, उजवी बाजू गेली, शुगर पण आहे. तेव्हापासून डायपर. थंडीत त्रास नव्हता पण आता ऊन तापायला लागल्यापासून जांघेत आणि मागे लालभडक झालंय, आग आग होते म्हणते. मेडिकलमधून एक ट्यूब आणली, चार दिवस उतरल्यासारखं वाटलं आणि मग दुप्पट पसरलं. दिवसाला तीन डायपर, दरवेळी साबण लावून घासून धुतो, वर भरपूर पावडर, म्हणजे स्वच्छतेत कुठं कमी पडत नाही. बायको नोकरीला जाते त्यामुळं दुपारचं सगळं माझ्याकडं, आणि आईला मुलाकडून हे करून घ्यायची लाज वाटते, ओलं झालं तरी सांगत नाही, पाणीपण कमी प्यायला लागलीय. कुठला डायपर घेऊ, कुठलं क्रीम लावू, प्लीज सांगा.

रिटायर_सिस्टर
दादा, आधी त्या ट्यूबच्या मागं काय लिहिलंय ते वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन यातलं काही असलं तर ते स्टेरॉइड आहे. त्यानं लाली दबते पण खाली बुरशी असली तर ती फोफावते, तुमच्या वर्णनावरून तसंच वाटतंय. डॉक्टरांनी लिहून दिली नसेल तर लावू नका.

दुसरं म्हणजे साबण आणि घासणं बंद. चांगली त्वचा किंचित आम्ल असते, पीएच साडेपाचच्या आसपास. लघवी साचून राहिली की तिच्यातल्या युरियाचा अमोनिया होतो तो अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट, आपला अंगाचा साबणही बहुतेक अल्कलीच, आणि त्यात संडास लागली की तिच्यातली एन्झाइम अशा वातावरणात जास्त जोरात कातडी खातात. म्हणून लघवीला एकवेळ तीन-चार तास चालतील, पण संडास झाली की त्याच मिनिटाला बदलायचं. कोमट पाणी, मऊ कापड, पुढून मागं पुसायचं, मग टिपून कोरडं करायचं. कोरडं करताना टिपायचं हं, घासायचं नाही.

पावडर पण नको. घामात तिचे गोळे होतात आणि तेच जांघेत घासतात. त्याऐवजी झिंक ऑक्साइडचं क्रीम पातळ लावा. दर वेळी ते खरवडून काढायचं नसतं, घाण लागली तेवढंच पुसायचं, चिकटून बसलं तर तेलाचा बोळा फिरवा.

शेंगा_चटणी
ताईंना अनुमोदन. मी सासूबाईंचं दोन वर्षं केलं. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, त्यामुळं धुवायचं म्हटलं की टेन्शन, पण स्प्रेच्या बाटलीत कोमट पाणी भरून मारलं तर पेलाभर पाण्यात काम होतं. आणि तो जाड सोलापुरी टॉवेल अंग पुसायला कितीही भारी असला तरी दुखऱ्या कातडीला नको, जुन्या सुती साडीचे तुकडे करून ठेवा. दुपारी दार लावून, खाली अंडरपॅड (ओल शोषणारं पॅड) टाकून, कुशीवर झोपवून अर्धा तास डायपर उघडा ठेवायचा, पंखा चालू. पारा 42 ला असताना त्या प्लॅस्टिकच्या आत काय होत असेल विचार करा. मी खोबरेल तेलपण लावायचे, चांगला फरक पडायचा.

होटगी_रोड
पाण्यात झाकणभर डेटॉल टाका, जंतू मरतात.

रिटायर_सिस्टर
नको हो! फाटलेल्या कातडीला ते झोंबतं आणि अजून जळतं. खोबरेल सगळीकडं अखंड असलेल्या कातडीला ठीक आहे, पण फक्त त्याच्या भरवशावर ओल अडत नाही. वासाची वाइप्सपण नकोत.

कडक_भाकरी
मी 68, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर मी स्वतः घालतो, म्हणून आतल्या बाजूनं सांगतो. पाणी कमी करू देऊ नका, मीही पहिले दोन महिने तेच केलं, लघवी इतकी कडक झाली की आग वाढली. दुसरं, "झालं का? ओलं झालं का?" असं विचारू नका. घरात चारदा विचारलं की माणूस नाहीच म्हणतो. घड्याळावर ठेवा, तीन वाजले की बदलायचं, ओलं असो नसो. मग सांगायची वेळच येत नाही. बदलताना कमरेवर चादर ठेवा, तेवढ्यानंही खूप फरक पडतो.

साइज कंबर आणि कुल्हे टेपनं मोजून घ्या, दोन्हीत जे मोठं ते धरा. मोठा घेतला की गळतो, लहान घेतला की मांडीच्या कडेला घासतो. आणि पैसे वाचवायला आत दुसरा डायपर घालू नका, त्याचं प्लॅस्टिक पाणी खाली जाऊच देत नाही. झोपून असलेल्यांना पँटवाल्यापेक्षा टेपवाला बरा.

रिटायर_सिस्टर
भाऊंनी लाखमोलाचं सांगितलं. जुळे_सोलापूरकर, मोठ्या लाल भागाच्या बाहेर सुटे सुटे लाल ठिपके किंवा पुळ्या आहेत का बघा, असतील तर बुरशीच असायची शक्यता जास्त. शुगर आहे आणि स्टेरॉइड लागलेलं असू शकतं त्यामुळं अंदाजानं काही लावू नका, सिव्हिलच्या त्वचेच्या ओपीडीत दाखवा. माकडहाडावर लाल डाग असेल आणि बोटानं दाबून पांढरा होत नसेल तर तो बेडसोरची सुरुवात, त्याला दर दोन तासांनी कूस बदलणं लागतं. ताप, पू, फोड असेल तर त्याच दिवशी जा.

जुळे_सोलापूरकर
बारा दिवसांनी लिहितोय, माफ करा. ट्यूबवर खरंच बीटामेथासोन होतं. त्वचेच्या डॉक्टरांनी बुरशी सांगितली, क्लोट्रिमॅझोल (बुरशीचं क्रीम) दिवसातून दोन वेळा. शुगरच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन आहे, त्यानं लघवीतून साखर जाते आणि असली बुरशी वाढू शकते म्हणाले, पण परस्पर बंद करू नका, शुगरच्या डॉक्टरांना विचारा म्हणाले, उद्या जातोय. लाली निम्म्यानं कमी आहे. आईला आता घड्याळाचं समजलंय, काल मी फोनवर होतो तर "तीन वाजले की रे" म्हणून तिनंच हाक मारली. एक विचारायचं होतं, औषध आणि झिंक दोन्ही लावायचं तर आधी काय?

रिटायर_सिस्टर
आधी औषध, पातळ. ते जिरू द्या, मग वरून झिंक. आणि लाली गेली दिसली म्हणून औषध सोडू नका, डॉक्टरांनी जितके दिवस सांगितलेत तितके पूर्ण करा, नाहीतर परत उठतं.