चंद्रपूरचा एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा आकडा) २२ किमीवरच्या आमच्या गावाला लागू होतो का?

वर्धाकाठ
नमस्कार मंडळी. आमचं गाव चंद्रपूरहून २२ किमी, थर्मल वीज केंद्राच्या पश्चिमेला, नदीकाठी. सध्या सकाळी ६-७ ला वावरात निघालं की धुक्यासारखं काहीतरी खाली बसलेलं असते, डोळे चुरचुरतात, आईला दमा आहे तर तिचा पंप हातातून सुटत नाही, अन् हवेचं सरकारी समीर ॲप उघडलं की चंद्रपूर १४०, "मध्यम". मध्यम कसं काय? दुसऱ्या एका ॲपवर तर चक्क आमच्या गावाच्या नावाने आकडा येते. गावात मशीन कोणी बसवलीच नाही, मग हा आकडा आला कुठून?

फिल्टरपेपर
भाऊ, तो गावाच्या नावाचा आकडा मशीनचा नाही, सॅटेलाइट आणि हवामानाच्या मॉडेलवरून काढलेला अंदाज आहे, त्यावर फार जाऊ नका.

समीरवर जो दिसतो तो मागच्या २४ तासांचा ॲव्हरेज असतो, म्हणजे सकाळी दोन तास कितीही कोंदलं तरी दुपारची मोकळी हवा त्यात मिसळून आकडा खाली येतो. आणि "मध्यम" शब्दावर भुलू नका. पीएम २.५ (हवेतली अतिबारीक धूळ) ची आपली २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम, ती ओलांडली की एक्यूआय १०० च्या वर जातो. डब्ल्यूएचओची तर १५ च आहे. मध्यमच्या सरकारी खुलाशातच दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो असं लिहिलंय, म्हणजे आईचं बरोबर आहे, ॲपचंही बरोबर आहे 🙂

मी काही वर्षं हवा मोजायच्या मॅन्युअल स्टेशनवर, म्हणजे जिथे माणूस हाताने सॅम्पल घेतो तिथे, काम केलंय. तिथे आठवड्यातून दोनच दिवस सॅम्पल घेतात, वर्षाला १०४. दर आठ तासांनी फिल्टर बदलायचा. पांढरा शुभ्र कागद लावायचा आणि काढताना तो पाटीसारखा काळपट झालेला, मग वजन करायचं. ज्या दिवशी सॅम्पल नाही त्या दिवशी गावात काय झालं ते त्या कागदाला माहीतच नाही. ऑटोमॅटिक स्टेशन दर तासाला मोजतं, पण तेही फक्त त्याच्या नळीत आलेली हवा.

धुरकट
मग खेड्यावाल्यांना त्या स्टेशनचा उपयोग काय, शून्य?

फिल्टरपेपर
शून्य नाही हो. आकडा नका घेऊ, चढउतार घ्या. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वर गरम थराचं झाकण बसतं आणि धूर खालीच अडकतो, हे चंद्रपूरला झालं की तुमच्याकडेही बहुतेक झालेलं असतं. स्टेशनचा तासातासाचा ग्राफ मिळाला तर तो बघा, किती वाजता उतरतो ते कळेल, आईला त्यानंतरच बाहेर काढा. पण गावातला चुलीचा धूर, रस्त्यावरचे कोळशाचे ट्रक, हे शहरातल्या स्टेशनला दिसणार नाही.

सेन्सरवेडा
छोटा लेझरवाला सेन्सर घेता येईल ग्रामपंचायतीला, मी घरी लावलाय. फक्त धुक्यात तो पाण्याच्या थेंबांनाही धूळ समजतो आणि भलताच आकडा दाखवतो, त्यामुळे सकाळचं रीडिंग जपून. अन् वारा कुठून आहे ते रोज लिहून ठेवा, वहीत. थर्मलचा धूर तुमच्याकडे यायला वारा पूर्वेकडूनच पाहिजे ना.

वर्धाकाठ
धन्यवाद सगळ्यांना. आठ दिवस वहीत लिहिलं, बाभळीला चिंधी बांधून वारा पाहिला. पाच दिवस पूर्वेचा होता, थर्मलला शिव्या देऊन घेतल्या. पण काल-परवा पश्चिमेचा होता तरी चुरचुर तेवढीच, म्हणून नदीकडे चालत गेलो तर बांधापलीकडे पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळलेल्या झाडांचा) ढीग रात्रभर धुमसत होता. वावर आमच्या काकाचंच आहे. आता त्याला सांगू कसं ते सांगा 😅