मदत हवी आहे: आईला घेऊन क्रूझ नीट कशी फिरावी?

नमस्कार मंडळी, दिवाळीनंतर आई-पप्पांना मुंबईहून कॉर्डेलिया क्रूझ कंपनीच्या एम्प्रेस जहाजाने गोव्याला न्यायचंय. सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली की सकाळी सीएसएमटी, तिथून जहाज सुटतं तो बॅलार्ड पिअर धक्का जवळच, त्यामुळे जायचं टेन्शन नाही, टेन्शन आहे जहाजाच्या आतलं. ११ डेक म्हणजे मजले आहेत आणि आईचे गुडघे दुखतात, एक जिना चढली की कठडा धरून उभी राहते बिचारी, पण तिला सगळं बघायचंय हो, थिएटर, स्विमिंग पूल, वरचा उघडा डेक, सगळं.

चढल्या दिवशी लिफ्टला लई गर्दी असते का? आधी वरचा डेक बघून मग खाली उतरत यावं की जेवण उरकून निवांत फिरावं? सेफ्टी ड्रिल (संकटात काय करायचं त्याचा सराव) सगळ्यांनाच कंपल्सरी असतं, तिथं वयस्कर माणसांना बसायला मिळतं का? व्हीलचेअर आधी सांगावी लागते का?

आणि मेन म्हणजे, वारा जास्त न लागता समुद्र बघत शांत बसता येईल अशी जागा कुठल्या डेकवर आहे? पप्पांना मोठ्या आवाजाचा त्रास होतो. जाऊन आलेल्यांनी प्लीज डिटेलमध्ये सांगा.